तोंड आलंय? आधी आत बघा, मग मलम लावा



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी हप्ता भरला, रजिस्टरवर सही केली आणि चहा नको म्हणाल्या. चहाला नाही म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. विचारलं तर म्हणाल्या, "तोंड आलंय गं. तिखट सोड, पाणीसुद्धा झोंबतंय." मग काय, जिच्या तिच्याकडे एक उपाय तयार! एक म्हणाली तुरटी लावा, दुसरी म्हणाली जाईचा पाला चावा, तिसरी म्हणाली अंगात उष्णता झालीय, सब्जा प्या. चौथीनं तर पिशवीतून अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब काढून हातात दिली. एवढे उपाय निघाले, पण तोंड उघडायला लावून आत बघितलं मात्र कुणीच नाही. मीही नाही.

त्या ताईंचं आठ दिवसांत बरं झालं. पण सगळ्यांचं तसं होत नाही. आमच्याच गावातल्या आणखी एका ताईंचं काय झालं ते पुढे सांगते. म्हणून या महिन्याचा आरोग्याचा पाठ तोंडातल्या जखमांवर. काय लावायचं, कसं लावायचं, आणि लावत बसायचं कधी थांबवायचं.

आपण ज्याला तोंड येणं म्हणतो

ओठाच्या आत, गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली छोटा गोल फोड येतो. मध्ये पांढरट-पिवळा, भोवती लाल कडा. ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, पण दुखतो असा की अख्खं तोंड पेटल्यासारखं वाटतं. पहिले तीन-चार दिवस जास्त त्रास, मग हळूहळू कमी. ७ ते १४ दिवसांत तो आपला आपण भरून येतो आणि व्रणही राहत नाही. हा संसर्गाचा फोड नाही. एकीचा दुसरीला लागत नाही, त्यामुळे ताट-पेला वेगळा करायची गरज नाही.

याशिवाय जखमा होतात त्या लागल्यामुळे. जेवताना गाल चावला जातो, भाकरीचा कडक पापुद्रा टोचतो, उकळता चहा टाळूला भाजतो, ब्रश हिरडीत घुसतो. तुटलेल्या दाताची धार जिभेला घासत राहते. सैल झालेली कवळी रुतते. पानातला किंवा तंबाखूतला चुना जास्त झाला तर गाल भाजतो. इथे मलमापेक्षा कारण आधी काढावं लागतं. चपलेत खिळा तसाच ठेवून पायाला मलम लावण्यात काय अर्थ? कवळी रुतत असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांकडून घासून नीट बसवून घ्या. घरी कानस लावू नका. एका आजींनी ते केलं आणि कवळी मधोमध मोडली.

तोंडातली जखम हातापायाच्या जखमेपेक्षा लवकर भरते. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि लाळेत जंतूंना आवरणारे आणि नवी कातडी धरायला मदत करणारे घटक असतात. म्हणून तोंड कोरडं पडू देऊ नका. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. उन्हातान्हात खुरपायला जाताना बाटली सोबत घ्या.

सगळ्यात आधी मिठाचं पाणी

स्वस्त, घरात असलेलं आणि खरंच उपयोगी. एक मोठा पेला कोमट पाणी घ्या, म्हणजे पाव लिटरच्या आसपास. त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. ढवळून पूर्ण विरघळवा. एक घोट तोंडात घेऊन अर्धा मिनिट सावकाश फिरवा आणि थुंकून टाका. पेला संपेपर्यंत करा. जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून तीन-चार वेळा. मीठ झोंबत असेल तर मिठाऐवजी तेवढाच खायचा सोडा घाला, तो सौम्य लागतो.

काही जणी म्हणतात, पाण्यात कशाला, चिमूटभर मीठच फोडावर दाबते, एकदाच काय ते झोंबू दे. तसं करू नका. कोरडं मीठ किंवा तुरटीची पूड नाजूक जागेवर दाबली की तिथली ओल ओढली जाते आणि वरचा थर जळतो. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, हा आपला जुना समज आहे. तोंडात तरी तो सोडून द्यावा.

मलम लावायचं तर असं

मलमाचा गुण येत नाही अशी तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष मलमाचा नसून लावण्याचा असतो. तोंडात सारखी लाळ असते. ओल्या जागेवर लावलेलं मलम दोन मिनिटांत पोटात जातं. म्हणून आधी साबणानं हात धुवा. चूळ भरा. मग स्वच्छ कापसानं, कापूस नसेल तर धुतलेल्या मऊ सुती फडक्यानं फोडाची जागा हलकेच टिपून कोरडी करा. पुसायचं नाही, टिपायचं. ओठ किंवा गाल बोटानं बाहेर ओढून धरा आणि मुगाच्या दाण्याएवढं मलम फोडावर ठेवा. घासू नका, नुसतं टेकवा. एखादं मिनिट ओठ तसाच धरा. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. सगळ्यात चांगली वेळ झोपतानाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि बोलणं-चावणं बंद असतं. दिवसा लावायचं तर जेवणानंतर.

दुकानात मिळणाऱ्या मलमांचे ढोबळ तीन प्रकार असतात, आणि तिन्हींचं काम वेगवेगळं.

पहिला, बधीर करणारा जेल. त्यात लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असतं. त्यानं दुखणं थांबतं, जखम भरत नाही. जेवण जात नसेल तेव्हा बरा. पण तोंड बधीर असताना गरम चहा प्यालात तर भाजलेलं कळणार नाही, गाल चावला गेला तरी कळणार नाही. बेंझोकेनचा जेल दोन वर्षांखालच्या बाळाला कधीही लावू नका, दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणूनही नाही. त्यानं रक्तातल्या प्राणवायूवर परिणाम होऊन बाळ निळं पडू शकतं.

दुसरा, दुखणं आणि सूज कमी करणारा जेल. त्यात बहुतेक वेळा कोलीन सॅलिसिलेट असतं. मोठ्यांना चालतो. १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नका, कारण तो ॲस्पिरिनच्या कुळातला आहे.

तिसरा, स्टेरॉईडचं चिकट मलम, ट्रायमसिनोलोनचं. फोड मोठे असतील, वरचेवर येत असतील तर डॉक्टर हे देतात. ते जागेवर चिकटून राहतं आणि सुरुवातीलाच लावलं तर फोड वाढत नाही. पण तोंडात बुरशी झाली असेल किंवा नागिणीच्या जातीचे पाण्याचे फोड असतील तर याच मलमानं ते वाढतं. म्हणून शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब मागून लावू नका. आमच्या चौथ्या ताईंनी पिशवीतून काढलेली ट्यूब हीच होती. वर तारीख पुसलेली.

जंतू मारणारा औषधी माउथवॉश म्हणजे क्लोरहेक्सिडिन. दोन चमचे, म्हणजे १० मिली, एक मिनिट तोंडात फिरवून थुंकायचं, दिवसातून दोनदा. पेस्टनं दात घासल्यावर लगेच घेतलं तर त्याचा असर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस स्वतःच्या मनानं वापरू नका, दातांवर तपकिरी डाग धरतात आणि तोंडाची चव जाते. आयोडीनच्या लाल गुळण्या थायरॉईड असलेल्या किंवा गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आजीच्या बटव्यातलं

मी यातलं सगळं टाकाऊ म्हणणार नाही, आणि सगळं सोनंही म्हणणार नाही. मध फोडावर लावल्यानं दुखणं कमी होतं, जागा ओलसर राहते. दिवसातून तीनदा बोटाच्या टोकानं लावा, पण झोपताना लावून तसंच झोपू नका, दात किडतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, थेंबभरही नाही. त्यातून त्याला जीवघेणा आजार होऊ शकतो. बारशाच्या, पाचवीच्या दिवशी मध चाटवायची पद्धत घरात असेल तर सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगा. मधुमेह असेल तर मधापेक्षा साजूक तूप किंवा खोबरेल तेल लावा. त्यानं फोड बरा होतो असं मी म्हणत नाही, पण वर पातळ थर बसतो आणि जेवताना झोंबणं कमी होतं.

ज्येष्ठमधाची पूड पाण्यात उगाळून लावली तर आराम पडतो. बाभळीच्या सालीच्या किंवा पेरूच्या पानांच्या काढ्यानं तोंड आवळल्यासारखं होतं, कारण दोन्हींत तुरट द्रव्य असतं. गाळून, कोमट करून गुळण्या करायला हरकत नाही. पाला चावायचा तर धुऊन. शेताच्या बांधावरचा, फवारणी झालेला पाला तोंडात घालू नका.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. डोकं दुखायची ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशी किंवा हिरडीशी दाबून ठेवू नका. ती पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली तर कातडी पांढरी पडून जळते. आणि लवंग तेल थेट ओतायचं नाही. किडलेल्या दाताच्या खळग्यात कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, एवढंच. हिरडीला लागलं की भाजतं. रक्तवाढीची गोळीसुद्धा चघळू नका. तोंडात विरघळली तर तीही फोड आणते. पाण्याबरोबर गिळून टाका.

दात काढल्यावर

इथे आपल्याकडे फार चुका होतात. दात काढला की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती गुठळी म्हणजेच तिथली मलमपट्टी. डॉक्टरांनी दिलेला बोळा सांगतील तेवढा वेळ, साधारण अर्धा ते पाऊण तास दाबून धरा. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, नळीनं ओढून प्यायचं नाही, गरम चहा नाही. लाळ आली तर गिळा. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात घेऊन मान हळू इकडून तिकडे कलती करा आणि तोंडातून आपोआप सांडू द्या. मिश्री, तंबाखू निदान आठवडाभर तरी नकोच. गुठळी निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून कानापर्यंत ठणका जातो, घाण वास येतो. तसं झालं तर परत डॉक्टरांकडे जा. घरी काही भरू नका.

लहान मुलांच्या तोंडात दह्यासारखा पांढरा थर दिसला, पुसल्यावर खाली लाल, तर ती बुरशी. तिला वेगळं औषध असतं, आशाताईंना दाखवा. मुलाच्या तोंडात खूप फोड आणि ताप असेल तर मलमापेक्षा पाणी महत्त्वाचं. गार दूध, ताक, पेज चमच्यानं पाजा. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर दवाखाना.

वरचेवर येत असेल तर

दर महिन्याला तोंड येतं, जीभ लाल गुळगुळीत होते, दम लागतो, असं असेल तर फोडावर कितीही लावा, मूळ रक्तात आहे. लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी पडलं की तोंड येत राहतं. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. दुकानातून बी कॉम्प्लेक्सच्या लाल गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाण्यापेक्षा एकदा तपासणी केलेली बरी. हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, वर लिंबू. अंडी-मासे खात असाल तर उत्तम. जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागत नाही. रात्रीचं जागरण, काळजी, परीक्षा, घरातली भांडणं यांनीही तोंड येतं. याला औषध कुठल्या दुकानात मिळतं ते मला अजून सापडलेलं नाही.

संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, मेथोट्रेक्सेट, चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर फोड येतात. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, थांबू नका.

आता त्या ताईंचं

त्या आमच्या ग्रामसंघाच्या जुन्या सदस्या. वय पन्नाशीचं. लग्न होऊन आल्यापासून मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून कुटायची, सकाळ-संध्याकाळ हिरडीला लावायची, सासूबाईंनीच शिकवलेली. खालची दाढ तुटून तिची धार जिभेच्या डाव्या कडेला लागायची. तिथे चट्टा पडला. त्यांनी दुकानातून बधीर करणारा जेल आणला. लावला की दुखायचं थांबायचं, मग पुन्हा मिश्री. ट्यूब संपली की मुलगा दुसरी आणायचा. असे चार महिने गेले. बैठकीला यायच्या, हप्ता द्यायच्या, तोंड आलंय म्हणायच्या. आम्हीही म्हणायचो, पथ्य पाळा.

आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरायला घरी गेल्या. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तोंडात दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम किंवा चट्टा आहे का. ताई म्हणाल्या, "आहे की. पण दुखत नाही." आशाताईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात नेलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढेची धार घासली, मिश्री बंद करायला सांगितली आणि बरोबर दोन आठवड्यांनी बोलावलं. कारण काढल्यावर जखम भरायला हवी होती. भरली नाही. मग तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

घरी गोंधळ झाला. जाऊबाई म्हणाल्या, सुरी लागली की गाठ पसरते. ही भीती गावोगाव आहे आणि ती खोटी आहे. तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. तुकडा काढला नाही तर काय आहे तेच कळत नाही. ताईंना कॅन्सर निघाला, पण गाठ लहान होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च गटाच्या कर्जातून केला, तो आता फिटलाय. बोलताना 'स' आणि 'ल' नीट येत नाही, तरी बैठकीत सगळ्यात जास्त त्याच बोलतात. मला राहून राहून वाटतं, आम्ही वीस जणी दर महिन्याला त्यांच्यासमोर बसत होतो.

म्हणून दिवस मोजा. तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर मलम बंद करून डॉक्टरांना दाखवा. दुखत असो वा नसो. न दुखणारी जखम, उलट, जास्त लक्ष देण्यासारखी. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी कडक गाठ, विनाकारण हलणारा दात, गिळताना अडकणं, मानेत गाठ, हीही लक्षणं तशीच. तिखट खाताना सगळं तोंड झोंबतं आणि तोंड पूर्ण उघडत नाही, हे सुपारी-गुटख्यानं होतं. आपली तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दाखवा. आणि जबड्याखाली सूज, ताप, थुंकीसुद्धा गिळता येत नाही, असं असेल तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका.

मिश्रीबद्दल एकच सांगते. त्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त पुरत नाही आणि ती भरत नाही. वर दुखणंही थोडं दबतं, म्हणून ती औषधासारखी वाटते. पोट साफ होत नाही, डोकं चढतं म्हणून सुटत नाही हे मला माहीत आहे. माझी आई चाळीस वर्षं लावत होती. एकदम सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, तंबाखू सोडायला तिथली माणसं मदत करतात.

पुढच्या बैठकीत

प्रत्येकीनं छोटा आरसा आणा. उजेडात, ओसरीवर बसा. कवळी असेल तर काढून चूळ भरा. आधी ओठ उलटून वर-खाली बघा. मग बोटानं गाल बाहेर ओढून दोन्ही बाजू. जीभ बाहेर काढा, टोक स्वच्छ फडक्यात धरून उजवी कड, डावी कड. जीभ टाळूला लावून खालची जागा. मान मागे टाकून टाळू. शेवटी मिश्री जिथे लावता ती हिरडी. नवीन काही दिसलं तर सचिवताईंनी वहीत तारीख लिहायची, रकमेच्या रकान्याशेजारीच. पुढच्या बैठकीत त्या तारखेपुढे बरं झालं की नाही ते विचारायचं. पण दोन आठवड्यांनी बैठक नसली तर शेजारणीनं घरी जाऊन विचारायचं.

आरसा नसेल तर एकमेकींचं बघा. मोबाईलची बॅटरी लावली की छान दिसतं.